असईची लढाई १५ मिमीमध्ये: शिंद्यांच्या कवायती पलटणी किती, रंगवायच्या कशा, ठेवायच्या कशा?

मैदान_मांडणी

२३ सप्टेंबर १८०३ ची शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज ही असईची लढाई १५ मिमी (माणूस साधारण १५ मिमी उंच) धातूच्या फिगर्समध्ये उभी करायची आहे. दोन्ही बाजू मीच रंगवणार. टेबल १८० × १२० सेमी. खेळाचे नियम अजून ठरवलेले नाहीत, पण बेस (फिगर्स चिकटवायच्या पातळ पाट्या) ४० मिमी रुंदीचे हे पक्के.

अडलेले मुद्दे असे. शिंद्यांच्या फौजेच्या किती फिगर्स मागवाव्यात? लाल डगला आणि पांढरी विजार दोन्हीकडे आहे, मग तीन फुटांवरून कोणती पलटण कोणाची हे कसे ओळखू यावे? पांढरा रंग एक तर खडूसारखा दिसतो, नाही तर वॉशनंतर (चुण्यांत सावली आणणारा पातळ गडद रंग दिल्यावर) मळका होतो, त्यावर उपाय काय? आणि दोन खोल्यांच्या घरात, कोकणातल्या पावसाळ्यात हे सगळे ठेवायचे कसे?

तोफखाना

आधी फौजेचा तक्ता, मग खरेदी. उलट केले की घोडेस्वार पन्नास आणि गोलंदाज चार अशी फौज होते.

शिंद्यांच्या बाजूला कवायती पायदळ सुमारे १०,८०० आणि तीन कंपू (ब्रिगेड). शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपीय सरदार पोलमनच्या हाताखाली ८ पलटणी, बेगम समरूच्या ५ (हुकूम सालूरचा) आणि द्युपाँच्या ४. एकूण १७, म्हणजे पलटणीमागे साधारण ६३५ माणसे. एका पलटणीला ४० × ३० मिमीचे दोन बेस द्या, बेसवर चार-चारच्या दोन रांगांत ८ फिगर्स. पलटण १६ ची, रुंदी ८ सेमी. १७ पलटणींच्या २७२ फिगर्स होतात. त्यात दर पलटणीला एक अंमलदार, एक निशाणवाला आणि एक ताशेवाला किंवा तुतारीवाला धरा, उरलेले १३ बंदूकवाले.

तोफा शंभराच्या आसपास होत्या. एक मॉडेल म्हणजे ८ तोफा धरले तर १२ मॉडेल्स लागतात. इथे काटकसर करू नका. असईचे सगळे वेगळेपण या तोफांत आहे. इंग्रजी पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. म्हणून तोफ आणि गोलंदाज एकाच बेसवर चिकटवू नका. तोफेचा बेस ४० × ५० मिमी घ्या, त्याच्या मागच्या भागात ३१ × १५ ची खाच ठेवा आणि गोलंदाजांची पट्टी त्या खाचेत सुटी बसवा. त्याच मापाची दुसरी पट्टी आडव्या पडलेल्या फिगर्सची करा. तोफ हातची गेली की पट्टी बदलायची. ती तोफ पुन्हा जिवंत होऊ शकते हे दोन्ही खेळाडूंना टेबलावरच दिसते, कागदावर खुणा कराव्या लागत नाहीत.

शिंदे-भोसल्यांचे घोडदळ संख्येने प्रचंड, पण त्या दिवशी बहुतेक बाजूलाच राहिले. ४० × ४० च्या १२ बेसवर तीन-तीन, म्हणजे ३६ स्वार पुरतात.

इंग्रजांकडे मुख्य ओळींत सहाच पलटणी: ७८ वी आणि ७४ वी हायलँडर, आणि मद्रासच्या १/१० (म्हणजे १० व्या रेजिमेंटची पहिली पलटण), १/८, १/४ व २/१२. शिवाय पिकेट्सचा (पहाऱ्याच्या तुकड्यांचा) एक बेस. घोडदळाच्या चार रेजिमेंट: १९ वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासची ४ थी, ५ वी, ७ वी. पायदळ १०४, स्वार २४. तोफा १७ होत्या, दोन मॉडेल्स पुरतात. पेशव्यांचे आणि म्हैसूरचे घोडदळ कैटना नदीपलीकडेच होते, ते टेबलावर नको.

रंगपेटी

रंगाचे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

साच्याची रेघ बारीक कानशीने काढा, विशेषतः पागोट्यावरची, कारण ड्रायब्रश केला (जवळजवळ कोरडा ब्रश उंच भागांवरून फिरवला) की तीच आधी दिसते. भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेली पावडर राहिली तर प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. आइस्क्रीमच्या काडीवर फेविक्विकच्या थेंबाने चार-चार फिगर्स लावा, दोघांत बोट जाईल इतकी जागा सोडून. एका पलटणीला चार काड्या.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर वापरू नका. दमट हवेत फवारा फिगरवर पोचताना ओल धरतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमर घ्या, दोन पातळ हात. रंग मधला तपकिरी. काळ्यावर पांढरा चढायला चार हात लागतात, पांढऱ्यावर सुटलेली प्रत्येक जागा उठून दिसते. तपकिरीवर सुटलेली फट सावलीसारखी वाटते आणि कातडे, लाकूड, त्वचा यांचे निम्मे काम आपोआप होते.

मग आतून बाहेर. पहिली त्वचा: गडद तपकिरी, त्यावर नाक, गाल, बोटे आणि पोटऱ्यांवर मधला तपकिरी. एका पलटणीत तीन वेगळ्या छटा वापरा, जवळून पाहताना फार फरक पडतो. गोऱ्या कातडीसाठी विकला जाणारा रंग काळा मिसळून वापरू नका, तो करडा आणि आजारी दिसतो.

पांढऱ्याची चूक वॉशमध्ये असते. वॉश पांढऱ्यावर द्यायचाच नाही. विजारीला आधी फिकट खाकी द्या आणि त्यावरच पातळ तपकिरी वॉश द्या, वॉश आणि मीडियम (बिनरंगी पातळ द्रव) समप्रमाणात. पूर्ण वाळल्यावर चुण्यांच्या उंच भागांवर मोडका पांढरा, म्हणजे पांढऱ्यात त्याच खाकीचा चौथा हिस्सा. शुद्ध पांढरा फक्त छातीवरच्या आडव्या पट्ट्यांना, अगदी शेवटी. त्यामुळे पट्टे आणि विजार वेगळे दिसतात. वॉश ओला असताना हात लावला तर कडेला चहाच्या डागासारखे वळे उठते.

लालला आधी तांबूस तपकिरी, मग लाल दोन हात. दोन भाग रंग, एक भाग पाणी. बोअरचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके गडद रंगावर वाळून दिसतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आहे आणि महिनोन्‌महिने पुरते.

एक कळकळीची विनंती: मुख्य रंग बाटलीतून थेट वापरा, मिश्रण करू नका. १७ पलटणी एका बैठकीत होत नाहीत, आणि दोन महिन्यांनी तोच लाल पुन्हा जुळवता येत नाही. (वरचा मोडका पांढरा अपवाद. तो रिकाम्या ड्रॉपर बाटलीत एकदाच करून ठेवा.)

७४ वीची कॉलर आणि बाह्यांची टोके पांढरी, ७८ वीची फिकट पिवळसर. १५ मिमीला दोघांत फरक दाखवायचा तर पिवळसर थोडा जास्त गडद घ्या, खऱ्या कापडाशी अगदी जुळणारी छटा घेतली तर एक हाताच्या अंतरावरून पांढरीच वाटते.

बारगीर

तोफखाना यांच्या तक्त्यातल्या रुंदीशी मी सहमत नाही. पोलमनने फौज पूर्वेकडे वळवल्यावर ओळ सुमारे एक मैलाची होती, उजवे टोक कैटनेवर आणि डावे असई गावावर. १ सेमी = १० मी धरले तर ती १६० सेमी, टेबलाच्या लांब बाजूत बसते. ६३५ माणसे तीन रांगांत म्हणजे सुमारे २१२ माणसांची रुंदी, माणशी ५५ सेमी धरून ११६ मीटर. म्हणजे टेबलावर पलटण १२ सेमीची, तीन बेसची. १३ पलटणी एका ओळीत ठेवल्या तर १५६ सेमी भरते, उरलेल्या ४ असई गावात आणि मागे. ८ सेमीच्या पलटणीला बंदुकीचा १०० मीटरचा पल्ला स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त मिळतो, ते डोळ्यांना खटकते.

तोफखाना

गणित बरोबर आहे. पण तीन बेस म्हणजे शिंद्यांचेच पायदळ ४०८ फिगर्स. एकटा माणूस दोन्ही बाजू रंगवणार आहे. आधी दोन बेसची पलटण करून १७ पूर्ण करा, खेळायला लागा, तिसरा बेस नंतर जोडता येतो. इंग्रजांनाही हेच प्रमाण ठेवा, नाही तर सहा पलटणी सतरांच्या समोर फार रुंद होतात. ८ सेमीच्या पलटणींची ओळ १३६ सेमी भरते. मधल्या फटी एकसारख्या ठेवा, टोके कैटना आणि असई सोडून सरकवू नका. ७४ वी आणि पिकेट्स असईकडे भरकटून मार खातात ही त्या लढाईची नस आहे, आणि गाव ओळीच्या टोकाला चिकटून नसेल तर ती घटना टेबलावर घडतच नाही.

मैदान_मांडणी

दोन बेसपासून सुरुवात करतो. ओळखीचे आणि बेसचे कोणी सांगेल का? शिंद्यांच्या पलटणींना जरीपटका द्यायचा विचार आहे.

काळी_माती

जरीपटका नको. तो पेशव्यांचा, आणि डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशवे इंग्रजांच्या बाजूला. १८०३ मध्ये शिंद्यांच्या हातात तो दिसला तर चित्रच उलटे होते. साधा भगवा ठेवा, दर कंपूला एक मोठा. पलटणींची निशाणे लहान आणि एकरंगी. साध्या ८० जीएसएम कागदावर छापा, फेविकॉल पातळ करून दुमडा, ओले असतानाच पेन्सिलवर गुंडाळून लहर द्या. वाळल्यावर कागदाची कापलेली कड त्याच रंगाने रंगवा. ती पांढरी कड राहिली तर सगळी मेहनत वाया जाते.

लाल विरुद्ध लाल हा प्रश्न पागोट्यावर सोडवा. शिंद्यांकडे कंपूनुसार पागोट्याचा एकच रंग: पोलमनकडे गडद निळा, समरूकडे हिरवा, द्युपाँकडे तपकिरी. ही खेळाच्या सोयीची वाटणी आहे. मद्रासच्या शिपायांची टोपी घट्ट, ताठ आणि आखूड चड्डी, पोटऱ्या उघड्या. शिंद्यांसाठी लांब विजारीच्या फिगर्स निवडल्यात तर उघडे पाय विरुद्ध झाकलेले पाय हा फरक रंगाआधी ओळखू येतो. शिवाय बेसची मागची कड: मराठे गडद तपकिरी, इंग्रज करडी, त्यावर ३ मिमीच्या पट्टीत पलटणीचे नाव. पुढची कड रिकामी.

घोडदळात उलटे करा. १९ व्या ड्रॅगून्सचे स्वार एकसारखे, मराठी स्वार कुठलेही दोन एकसारखे नकोत. पागोटी, शेले, घोडे सगळे मिश्र. धातूचे भाले वाकतात आणि रंग उडतो, ते कापून टाका आणि जाड नायलॉन झाडूचे केस लावा. २५ मिमी लांबी पुरे. वाकले तरी सरळ होतात.

आता बेस. परदेशी बॉक्सवरच्या चित्रात हिंदुस्थान म्हटले की पिवळी वाळू असते. ही लढाई जालना जिल्ह्यात, सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊसकाळ सरत असताना झाली. माती काळी, गवत हिरवे. बारीक चाळलेली वाळू फेविकॉलवर, वर काळसर तपकिरी, मग करड्या तपकिरीचा हलका ड्रायब्रश, आणि अर्ध्याहून जास्त भागावर गडद हिरवा फ्लॉक (गवतासारखा दिसणारा भुसा). लाल डगले त्या हिरव्या-काळ्यावर फार सुंदर उठतात.

२ मिमी एमडीएफच्या एकाच बाजूला ओला फेविकॉल लागला की बेस होडीसारखा वाकतो. आधी दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा एक हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग वाळू लावा. तरी वाकला तर खालून ओला करून वजनाखाली ठेवा.

रंगपेटी

वार्निशचे राहिले होते. धातूच्या फिगर्सना बोटे लागतात, त्यामुळे आधी ग्लॉस एक हात, चोवीस तासांनी मॅट, दोन्ही ब्रशने. मॅट पांढरट पडला तर खरवडू नका. पुन्हा ग्लॉसचा हात दिला की बहुतेक वेळा रंग परत दिसतो, मग कोरड्या दिवशी मॅट. बाटली हलवण्याऐवजी तळहातांत फिरवा आणि तळाचा थर काडीने वर आणा. तो थर खालीच राहिला तर वरचे वार्निश चमकतेच. बेसला फ्लॉक वार्निशनंतर लावा.

काळी_माती

ठेवण्याचे: आतून ए४ मापाचे आणि ६ सेमी उंचीचे तीन प्लॅस्टिक डबे पुरतात. ४० × ३० चे ४९ बेस एका डब्यात जेमतेम बसतात, तुमचे ३४ आहेत, म्हणजे संगिनी एकमेकींत अडकणार नाहीत. दुसऱ्यात तोफा दोन रांगा आणि स्वार दोन रांगा, तिसऱ्यात इंग्रज. तळाला अर्धा मिमी जीआय पत्रा कापून घ्या, कडा घासा आणि पत्रा दुतोंडी टेपने पक्का करा. बेसखाली ०.८ मिमी चुंबकी शीट. उलट करू नका, म्हणजे डब्यात चुंबक आणि बेसखाली पत्रा नको. तसे केल्यास बेसचा पत्रा हाताच्या घामाने गंजतो. पडलेल्या गोलंदाजांच्या बारा पट्ट्या तोफांच्याच डब्यात ठेवा, वेगळ्या ठेवल्या की खेळाच्या दिवशी सापडत नाहीत. कोकणात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी प्रत्येक डब्यात, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्यायचे. तो तवा स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा.

मैदान_मांडणी

समजले. पोलमनच्या पहिल्या पलटणीच्या १६ फिगर्स आणि एक तोफ आधी पूर्ण करतो, खाच आणि पट्टी बसते का बघून मग बाकीच्या मागवतो. खाचेत पट्टी सैल बसली तर काय लावावे?

तोफखाना

काही लावू नका. खाच ३१ मिमी आणि पट्टी ३० मिमी ठेवा, दोन्हींखाली चुंबकी शीट आहेच आणि टेबलावर कापडाखाली पत्रा नसला तरी कापडाची पकड पुरते. घट्ट बसवली तर पट्टी काढताना गोलंदाजांना धरून ओढावे लागते आणि हातातले गज तुटतात.