बटाट्याचे वाळवलेले वेफर्स: गटाने आधी यंत्र घ्यावं की खेळतं भांडवल उभं करावं? (इंदूर)

प्रश्न : राऊ_परिसर
राऊजवळ दहा बायकांचा बचत गट आहे. बटाट्याचे वाळवलेले वेफर्स आणि फरियाली (उपवासाचा) कीस करतात. आतापर्यंत ओळखीत विक्री झाली, आता दुकानांत माल ठेवायचा आहे. एक मध्यस्थ म्हणतो, पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेतून ड्रायर आणि स्लायसर घ्या, 35 टक्के अनुदान मिळेल. पण प्रस्ताव एकीच्या यजमानांच्या नावावर टाका, कारण जागा त्यांची आहे. हे बरोबर आहे का? आणि माल कधी कधी लालसर तळला जातो, त्याचं काय करायचं?

उत्तर : प्रस्ताव_तपासनीस
यजमानांच्या नावावर प्रस्ताव अजिबात टाकू नका. वैयक्तिक अर्जात एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. त्यांच्या नावावर एकदा अनुदान गेलं की त्या ताईंना पुढे अर्जच करता येणार नाही. यंत्र त्यांचं, कर्जखातं त्यांचं आणि राबणार दहा बायका, असं होऊन बसतं. जागेची अडचण त्या मानाने किरकोळ आहे. जागामालकाचं संमतीपत्र किंवा भाडेकरार आणि वीजबिल एवढ्यावर खाद्य (एफएसएसएआय) नोंदणी होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तर फुकट असते.

35 टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्या. मर्यादा 10 लाखांची आहे, पण ती रक्कम हातात येत नाही. कर्ज पूर्ण घ्यायचं, स्वतःचे किमान 10 टक्के घालायचे. अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि तीन वर्षं कर्जखातं नियमित राहिलं तरच कर्जात वळतं होतं. पहिल्या वर्षी हप्ते थकले तर अनुदानावरही पाणी.

म्हणून आधी बीजभांडवल मागा. याच योजनेत बचत गटाला प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी तरतूद आहे. दहा जणींचे 4 लाख होतात. गट ग्रामीण किंवा शहरी आजीविका मिशनशी जोडलेला असावा लागतो. योजनेची मुदत 2025-26 पर्यंत वाढवली होती, तेव्हा आज काय चालू आहे ते जिल्हा उद्यानिकी कार्यालयात आधी विचारा. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन ठरवून दिलंय, इंदूर जिल्ह्याचं 'एक जिल्हा एक उत्पादन' बटाटाच आहे, हे प्रस्तावात ठळक लिहा. प्रस्ताव करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन सरकार देतं. मध्यस्थाला टक्केवारी देण्याचं काही कारण नाही.

उत्तर : हिशेब_आधी
भांडवल का आधी, ते आकड्यांत बघा. भाव उदाहरणादाखल धरलेत, आपले घाला.

100 किलो बटाटा 15 रुपयांनी 1,500. चार जणींची मजुरी 400 प्रमाणे 1,600. इंधन 300. दोनशे ग्रॅमची 80 पाकिटं 320. एकूण 3,720 रुपये आणि सुका माल साधारण 16 किलो, म्हणजे किलोला 232 पडले. बहुतेक गट मजुरी धरतच नाहीत. मग खर्च किलोला 132 दिसतो आणि 180 ला विकून फायदा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर राबून प्रत्येकीच्या हाती 190 रुपये येतात. बाईच्या कामाची किंमत आधी कागदावर लिहा, भाव नंतर ठरवा. त्यावर दुकानदाराचे 20-25 टक्के धरायचेच.

आता हंगाम. माळव्यात बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा इंदूरच्या चोइथराम मंडीत रोखीने उचलावा लागतो. रोज 100 किलो, 40 दिवस धरले तर 1,48,800 रुपये मालात अडकतात. ते सुटणार आषाढी, श्रावण, नवरात्र आणि पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत हळूहळू. यंत्राचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू. गट बुडतात ते इथेच, माल चांगला असूनही. म्हणून पहिल्या हंगामात स्लायसर आणि वाळवणाच्या जाळ्या एवढंच घ्यावं. ड्रायर दुसऱ्या हंगामात, विक्रीचं वहीखातं दाखवून. मुदत कर्ज काढलंच तर बँकेकडे पहिल्या हप्त्याला सहा महिन्यांची सवलत लेखी मागा.

उत्तर : वाळवण_तंत्र
लालसर तळण्याचं कारण साखर. खाण्याचा बटाटा शीतगृहात 2 ते 4 अंशांवर ठेवतात, त्या थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळताना ती करपते. चिप्सचा बटाटा 10-12 अंशांवर ठेवतात. खरेदीला चिप्सोना किंवा लेडी रोसेटा या चिप्सच्या जाती मागा.

पोत्यातून दहा बटाटे काढून परीक्षा करा. एक लिटर पाण्याला 120 ग्रॅम या प्रमाणात मीठ विरघळवा. बुडेल तो बटाटा घन, सुका माल जास्त देईल. तरंगेल तो पाणीदार. मग दोन-चार चकत्या तळून रंग बघा आणि मगच सौदा करा.

काप दीड ते दोन मिलिमीटर, सगळे सारखे. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, नाहीतर स्टार्चमुळे चकत्या एकमेकींना चिकटतात. उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं, भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत काळपटतात. जास्त उकळल्या तर जाळीवरून काढताना फाटतात. फरियाली मालात सैंधवच वापरा आणि त्याची भांडी वेगळी ठेवा, हा गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

ड्रायर आल्यावर 60-65 अंश, सहा ते आठ तास. घाईने तापमान चढवलं तर वरचा थर कडक होतो, आत ओल राहते आणि महिन्याभरात बुरशी. चकती वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करू नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रंग आणि माल टिकवायची पावडर) वापरलं तर लेबलवर लिहावंच लागतं. नीट उकळलेल्या मालाला मला ते गरजेचं वाटत नाही.

लेबलवर घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराची हिरवी खूण आणि चौदा आकडी खाद्य नोंदणी क्रमांक. प्रशिक्षणासाठी कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल.

राऊ_परिसर
सगळ्यांचे आभार. अर्ज गटाच्याच नावाने करतो. शीतगृहातला बटाटा आधीच घेऊन ठेवलाय, तो वाया जाईल का?

वाळवण_तंत्र
नाही. काळोख्या, हवेशीर खोलीत 15 ते 20 अंशांवर दोन-तीन आठवडे पसरून ठेवा, साखर बरीच उतरते. दर चार दिवसांनी दोन चकत्या तळून बघा. रंग सुधारत नसेल तर तो लॉट तळणाच्या मालात घालू नका. भाजीसाठी विकून मोकळे व्हा.