मदत हवी आहे: विम्प आणि अॅक्सिऑन एकाच तक्त्यात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे डार्क मॅटरच्या (विश्वातलं न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य) मॉडेलांची तुलना. त्याचे दोन संभाव्य कण: विम्प, म्हणजे जड पण इतर कणांशी क्वचितच क्रिया करणारा, आणि अॅक्सिऑन, म्हणजे अतिहलका. मी केलेला तक्ता सरांनी "यातलं सरस कोणतं ते कळत नाही" म्हणून परत दिला.

विम्पचं गणित मला पटतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर खेटून गर्दी असते तोवर कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. मैदानच भराभर पसरायला लागलं तर भेटी बंद, उरले ते उरले. प्रसरणाऱ्या विश्वात विम्पचा परस्परनाश (दोन विम्प भेटून नष्ट होणं) असाच थांबतो. सिग्मा-व्ही (सिग्मा म्हणजे परस्परनाशाच्या शक्यतेचं माप, व्ही म्हणजे कणांचा वेग; दोघांचा गुणाकार) सुमारे १० च्या उणे २६ व्या घाताच्या तिप्पट (घनसेंमी प्रतिसेकंद) घेतला, की प्लँक उपग्रहाने मोजलेली डार्क मॅटरची ०.१२ (एककाविना) ही घनता जवळपास मिळते. (सिग्मा वाढवला की डार्क मॅटर वाढेल, असं धरून मी आठवडा घालवला. होतं नेमकं उलटं!)

अॅक्सिऑनला यातलं काहीच लागू नाही. त्याचं क्षेत्र सुरुवातीला एका कोनात अडकलेलं असतं, मग सुटून डोलायला लागतं, आणि त्या डोलण्यातली ऊर्जा हेच डार्क मॅटर. लहान कोनाला घनता कोनाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे कोन हवा तसा घेतला की ०.१२ येणारच! मग याला गुण द्यायचे कसले? त्यात वस्तुमानाने विम्प १०० जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज ईव्ही), अॅक्सिऑन १० मायक्रो-ईव्हीचा. मध्ये १० चा १६ वा घात. आलेखाचा कागद पुरत नाही.

स्टेराइल न्यूट्रिनो (तिसरा संभाव्य कण) तूर्तास बाजूला ठेवलाय. रकाने कोणते घेऊ?

प्रतिसाद: कोन तुम्ही निवडलात, तसा सिग्माही तुम्हीच निवडलात की! घनता जुळण्याला फार भाव देऊ नका. तो कण डार्क मॅटर सोडून आणखी कशासाठी लागतो, ते बघा. पेचेई-क्विन यांची १९७७ ची कल्पना न्यूट्रॉनचा विद्युत द्विध्रुव (आतल्या धन-ऋण भारांची फारकत) इतका नगण्य का, या कोड्यासाठी होती. अॅक्सिऑन त्यातून आपसूक निघाला. विम्पला सुपरसिमेट्रीचा (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो, या कल्पनेचा) आधार होता, पण एलएचसी या कण धडकवणाऱ्या यंत्रात ते जोडीदार कण अजून दिसले नाहीत. दुसरा रकाना शोधाचा. साउथ डकोटात दीड किलोमीटर खाली ७ टन द्रव झेनॉन घेऊन बसलेल्या एलझेड या प्रयोगाला २०२४ च्या निकालातही विम्प सापडला नाही. मात्र तिथला सिग्मा अणुकेंद्राला धडकण्याचा, तुमचा परस्परनाशाचा. गल्लत नको.

धागाकर्ती: गल्लत झालीच होती, दोन्ही एकाच रकान्यात आहेत! आज रात्री वेगळे करते. एडीएमएक्स या प्रयोगाचा अॅक्सिऑन-शोध विम्पच्या शेजारीच मांडू ना?