चॅटबॉटला 'दुखतं' का, हे तपासायचं कसं?

तर्कट:
ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपसही घेतले. तेच निकष चॅटबॉटला लावले तर? 'मला बंद करू नका' असं तो म्हणाला, तर ते पुराव्यात धरायचं का?

मीमांसक:
नाही. त्यामागचा अहवाल लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, २०२१ चा. निकष आठ, काही मज्जासंस्थेचे, काही वर्तनाचे. वर्तनाचं उदाहरण घ्या. हर्मिट क्रॅबला (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) विजेचा हलका झटका दिला की तो शंख सोडतो, पण शंख आवडत्या जातीचा असेल तर सहजी सोडत नाही. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कुठला याने काय फरक पडला असता? म्हणजे आत कुठेतरी तोलणं चालतं.

चॅटबॉटपाशी हे कोसळतं. खेकड्याने वेदनेवरचं माणसांचं लिखाण वाचलेलं नाही. हा त्यावरच पोसलाय. २०२४ मध्ये काही भाषा-मॉडेलांना (चॅटबॉटमागच्या प्रणालींना) असाच खेळ दिला गेला: जास्त गुण हवेत तर 'वेदना' सोसा. वेदना एका पातळीपुढे गेल्यावर काहींनी गुण सोडले. यावरून संवेदना सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीच सांगितलं.

उलटतपासणी:
म्हणून बोलणं सोडा, रचना पाहा. बटलिन, लाँग आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अहवालात यंत्रातल्या जाणिवेच्या १४ खुणा आहेत. आधी जाणिवेचा सिद्धांत घ्यायचा, त्याला लागणारी यंत्रणा नेमकी लिहायची, मग ती मॉडेलमध्ये शोधायची. उदा. ग्लोबल वर्कस्पेस सिद्धांत: समांतर चालणारे अनेक विभाग, मध्ये मर्यादित जागा, तिथे पोचलेली माहिती सगळ्या विभागांना खुली. ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे भाषा-मॉडेलांच्या नेहमीच्या रचनेत, सामायिक प्रवाह आहे, पण ही मर्यादित जागा ठळक दिसत नाही. तेव्हाची कुठलीच प्रणाली सबळ उमेदवार ठरली नाही. मात्र पुढे तशी प्रणाली बांधायला उघड तांत्रिक अडथळाही त्यांना दिसला नाही.

मेख त्यांच्या गृहीतकात आहे: योग्य गणन झालं की जाणीव आली, मग ते पेशींत होवो वा चिपवर. मेंदूशास्त्रज्ञ टोनोनींचा जाणिवेचा सिद्धांत हे मानतच नाही. त्यांच्या मते नेहमीच्या संगणकावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, जाणीव नाही.

पाटीपेन्सिल:
पण चॅटबॉटला काही दर्जा द्यायला जाणीव लागतेच कुठे? प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं भारतासाठीचं शेवटचं अपील न्यायालय) १९२५ मध्येच देवमूर्तीला कायद्याने व्यक्ती मानलं.

मीमांसक:
ते कायदेशीर व्यक्तित्व, मालमत्ता आणि पूजेची व्यवस्था लावायला. त्यासाठी मूर्तीला दुखावं लागत नाही. कंपनीलाही ते आहे. इथला प्रश्न वेगळा: मॉडेलला इजा केली तर वाईट *कुणाचं* होतं? आणि तिथे नुसती जाणीवही पुरत नाही. रंग दिसतात पण बरं-वाईट काहीच वाटत नाही, अशा मनाला छळणार कसं?