मदत हवी आहे: सबवूफरला अँप (अँप्लिफायर) आतलाच बसवू की बाहेरचा घेऊ?

मंडळी, नमस्कार.

घरच्या ५.१ सेटचा (पाच स्पीकर, एक सबवूफर) १० इंची सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, पावसाळ्यात मुका झाला. मागच्या प्लेट अँपचा (खोक्याच्या पाठीत बसवलेल्या अँपचा) दिवा लागतो, पण आवाज नाही. मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला; कंपनी म्हणते तो बोर्ड आता येत नाही. स्पीकर मात्र ठणठणीत आहे. तारा सोडवून पेन्सिल सेल टेकवला की कोन (स्पीकरचा पडदा) टपकन पुढे येतो. मल्टिमीटरवर ३.४ ओहम, म्हणजे ४ ओहमचा असणार. खोकं सीलबंद, पोर्ट (हवेचं भोक) नाही. हॉल १२ बाय १४, आणि खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, तेव्हा भिंती हादरवायच्या नाहीयेत.

बाजारातला दुसरा प्लेट अँप त्याच खाचेत बसवावा, की खाच बुजवून रिसीव्हरशेजारी (सेटच्या मुख्य डब्याशेजारी) वेगळा क्लास डी (कमी तापणारा) अँप ठेवावा? माझा कल बाहेरच्याकडे आहे. उद्या बिघडला तर खोकं उघडायला नको. पण मित्र म्हणतो, बेस पूर्वीसारखा येणार नाही. खरं आहे का?

प्रतिसाद १:
मित्राचं खरं आहे, पण अर्धंच. छोट्या सीलबंद खोक्यात अगदी खालचा बेस आपसूक उतरत जातो. कंपनीचा अँप तो ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करून) उचलून देतो आणि कोन फाटू नये म्हणून लिमिटरही (आवाजाला मर्यादा घालणारी सोय) लावतो. हे सगळं त्या जुन्या बोर्डाबरोबर गेलं. बाजारच्या प्लेट अँपला तुमचा स्पीकर काय ठाऊक? तेव्हा आवाजाच्या मुद्द्यावर दोन्ही सारखेच. ईक्यू डीएसपीने (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या चिपने) करता येईल, पण हात आखडून. १० डेसिबल उचलायचे तर दहापट वॉट लागतात, आणि ते स्पीकरलाच सोसावे लागतात.

प्रतिसाद २:
आधी खाच मोजा. प्लेट अँपची मापं एकमेकांशी क्वचितच जुळतात. करवत चालवायचीच तर आधी स्पीकर बाहेर काढा, एमडीएफचा (खोक्याच्या लाकडी फळीचा) भुसा कॉइलच्या फटीत गेला की खरखर कायमची. शिवाय आतल्या अँपला उष्णता आणि थरथर, दोन्ही सोसावी लागतात. मी बाहेरचाच घेईन. क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) रिसीव्हरमध्येच ८० हर्ट्झला लावा. फेजचा (सब आणि बाकी स्पीकरांचा मेळ जुळवणारा) नॉब गेला तरी रिसीव्हरच्या डिस्टन्स सेटिंगने बरंच जमतं. फक्त अँप ब्रिज करू नका, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकाच स्पीकरला जोडू नका. ४ ओहमचा स्पीकर मग प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा दिसतो, आणि बरेच अँप तिथे मान टाकतात.

धागाकर्ता:
खाच मोजली, दोन दुकानांत विचारलं, एकही प्लेट बसत नाही. म्हणजे बाहेरचाच. १८ मिमी प्लायचा तुकडा आणि फोम टेप लावून खाच बंद करतो. आता एकच शंका: अँपपासून सबपर्यंत ५ मीटर अंतर आहे. घरात वायरिंगची २.५ चौ. मिमी तांब्याची वायर उरली आहे, ती चालेल का?

प्रतिसाद २:
बिनधास्त. टेपची फट तेवढी नीट तपासा, हवा गळली तर बेसच्या वेळी फुसफुस ऐकू येते.