सीमाभागातील मराठी मुलांचे उच्च शिक्षण आणि ग्रंथालये

प्रश्न (खानापूर, जि. बेळगाव): बारावीनंतर आमची मराठी माध्यमाची मुले महाविद्यालयात अडखळतात, कारण संदर्भग्रंथ इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात, गावच्या ग्रंथालयात मराठीचे एकच कपाट, तेही कुलूपबंद. काय करावे?

उत्तर १: ताई, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील ८६५ वादग्रस्त गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाची स्वतंत्र तरतूद आहे, रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले मात्र निकालापूर्वीच काढून ठेवावेत.

उत्तर २: कर्नाटकाच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यानुसार घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर आपणही भरतो, तेव्हा पावतीची प्रत जोडून मराठी पुस्तकांची लेखी मागणी करावी. तोंडी विनंत्या विसरल्या जातात, हा माझा अनुभव आहे.

उत्तर ३: अमेरिकेत पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) असलेल्या महाविद्यालयांची कायद्यात वेगळी श्रेणी आहे. आपल्याकडे महाविद्यालयांत मराठी मुले किती, याची निदान मोजणी तरी व्हावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. कपाटाची किल्ली उद्याच मागते.