ऑपरेशनला जाताना पिशवीत काय भरलंत? अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया आहे. वय ७१, साखरेचा त्रास, मुक्काम पाच दिवसांचा सांगितलाय. तपासण्या, उपवास, पैसे, सगळं समजावून झालं. बरोबर काय घ्यायचं, याबद्दल मात्र कागदावर एकच ओळ आहे: 'आवश्यक वस्तू आणाव्यात'.

माझा अनुभव आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, ओटीपोटावर आडवा छेद होता. मी साड्या, परकर, ब्लाउज अशी व्यवस्थित घडी घालून पिशवी भरली होती. तिसऱ्या दिवशी परकर घातला आणि नाडी नेमकी टाक्यांवर आली. सैल बांधली तर परकर खाली येई, जरा आवळली की डोळ्यांत पाणी. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी त्यांचा धुतलेला गाऊन काढून दिला, तोच घालून मी घरी आले. त्या मावशींना मी विसरणार नाही.

तेव्हा एक लक्षात आलं. माणूस उताणा पडलेला असतो, एका हाताला सलाईन, आणि दुसरा हात पोचेल तेवढंच त्याचं. बाकी पिशवीत कितीही असो. तुम्हाला काय लागलं, काय नेऊनही पडून राहिलं, सविस्तर लिहा.

*

सांगलीहून लिहितोय. वडिलांचे दोन्ही गुडघे झाले, वर्षभराच्या अंतराने.

सगळ्यात आधी चप्पल बघा. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. बाबांची नेहमीची अंगठ्याची चप्पल होती, ती पाऊल उचलताना मागे राही. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची घ्या, आणि पाय सुजतो म्हणून पट्टा सैल करता येईल अशीच. पायजमा नेऊ नका. ड्रेसिंग बघायला, व्यायाम करून घ्यायला गुडघा सारखा उघडावा लागतो, तिथे लुंगी किंवा ढगळ हाफ पँटच बरी.

साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटासकट न्या. आम्ही आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून नेल्या होत्या. सिस्टर विचारतात ही पांढरी कसली, ती पिवळी कसली, आणि आम्हाला सांगता येईना. शेवटी भाऊ घरी जाऊन पाकिटं घेऊन आला.

कमोडवर बसवायची उंच सीट पिशवीत मावत नाही, पण ती ऑपरेशनच्या आधीच घरी आणून बसवा. घरी आल्यावर पहिल्या तासातच लागते.

*

माझं सिझेरियन. पिशवी आईने भरली होती, त्यात काही कमी नव्हतं. अडलं ते जोडव्यांवर.

सातव्या महिन्यापासून पाय सुजले होते आणि जोडवी बोटात रुतून बसली होती. थिएटरच्या दाराशी साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी एका सिस्टरने बोटाला शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळला, टोक जोडव्याखालून ओढून घेतलं आणि दोरा उलगडत एकेक वेढा सरकवत जोडवं काढलं. बांगड्या, जोडवी, चमकी आठवडाभर आधी घरीच काढून ठेवा. मंगळसूत्रही. नेलपॉलिश पुसून जा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात.

पिशवीतली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बाळाची छोटी उशी. ती मीच वापरली. खोकला आला की टाक्यांवर दाबून धरायची, उठून बसतानाही. निकर उंच कमरेच्या आणि ढगळ घ्या, नाहीतर इलॅस्टिक छेदावर येतं. बाळासाठी नवी झबली एकदोनच, बाकी जुन्या सुती साडीची धुऊन मऊ झालेली दुपटी. दिवसाला आठ-दहा लागतात.

*

बीड जिल्ह्यातून. वडिलांचं ऑपरेशन मुंबईत परळला झालं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. आमच्यासाठी पिशवीतली पहिली वस्तू कागदं. रेशनकार्ड आणि आधार, दोन्ही मूळ प्रती आणि प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स. रेशनकार्डावर वडिलांचं नाव एक, आधारवर जरा वेगळं, त्यात आमचे दोन दिवस गेले. आरोग्यमित्राने नीट वाट दाखवली म्हणून निभावलं. नावं गावातूनच जुळवून निघा.

सामान्य वॉर्डात जाणार असाल तर बादली, मग, सतरंजी, दोन चादरी, पाण्याची पाच लिटरची कॅन, सुतळी, आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. लांब वायरचा चार्जर, कारण बटण खाटेपासून लांब असतं.

आणि सोबतीच्या माणसाची पिशवी वेगळी भरा, हे मी हात जोडून सांगतो. आईच्या बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या. तीन दिवस ती काही बोलली नाही, कुणाला त्रास नको म्हणून. चौथ्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन बसली. कॅन्सरचा पेशंट असेल आणि मुंबईत ओळखीचं कुणी नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, निघायच्या आधीच.

*

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. मी हे सविस्तर लिहिणार आहे, कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

जागी झाले तेव्हा कुशीतून दोन नळ्या निघाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक डबी. आतलं लालसर पाणी त्यात साठतं. झोपून आहात तोवर ठीक, पण संडासला जायचं तर त्या डब्या धरायच्या कुणी? एक हात सलाईनचा, दुसरा वर उचलायचा नाही. पहिल्या दिवशी मी त्या गाऊनला सेफ्टीपिनने लावल्या, तर नळीला ओढ बसली आणि जीव कळवळला.

माझी मामी संध्याकाळी भेटायला आली, तिने बघितलं, आणि सकाळी येताना आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी शिवून घेऊन आली. गळ्यात अडकवायचा रुंद पट्टा, समोर दोन कप्पे, वरून उघडे, म्हणजे डबीवरचे आकडे बाहेरून दिसावेत. कापड इतकं मऊ की मानेला कळतही नसे. बारा दिवस ती झोळी माझ्या गळ्यात होती. रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढू, असं डॉक्टर म्हणाले होते, त्यामुळे वही आणि दोरीने बांधलेलं पेन उशाशीच हवं.

कपडे पुढून बटणांचे, बाही ढगळ. डोक्यावरून घालायचा एकही कुडता चालला नाही, मी नवऱ्याचे जुने सुती शर्ट घातले. आणि केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून जा. पडून पडून केसांचा गुंता होतो, आणि हात वर जात नसताना तो दुसऱ्याकडून सोडवून घेणं फार जिव्हारी लागतं.

*

थोडक्यात लिहितो. कवळी आणि कानातलं यंत्र यांना झाकणाची डबी, वर नाव. आमच्या आजोबांची कवळी कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली होती, ती ताटाबरोबर गेली. पुढे महिनाभर पेज आणि मऊ भात.

*

इंग्लंडमधून. सासूबाई आमच्याकडे आल्या असताना इथे त्यांचं ऑपरेशन झालं. रात्री सोबत कुणाला थांबू दिलं नाही, आणि त्यांना इंग्रजी येत नाही. दुभाषा मिळतो, पण रात्री दोनला लघवी लागली तर त्याची वाट कोण बघणार? मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'दुखतंय', 'मळमळतंय', 'लघवीला जायचंय', 'थंडी वाजतेय' असं लिहिलं, खाली इंग्रजी. बोट ठेवून दाखवायचं. तो पुठ्ठा सगळ्या नर्सेसना इतका उपयोगी पडला की घरी निघताना त्यांनी मागून ठेवून घेतला.

*

माझी बायपास. छातीशी धरायला घट्ट उशी न्या, खोकताना तिचाच आधार. तीन छोट्या चेंडूंचं, नळी लावलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र देतात, त्यात श्वास आत ओढायचा असतो. ते आधीच आणून घरी सराव केलात तर नंतर सोपं जातं. वाकड्या मानेची स्ट्रॉ न्या. पडल्या पडल्या पेल्याने पाणी पिता येत नाही. घरी येताना तीच उशी छाती आणि सीटबेल्टच्या मध्ये धरली. आमच्या गावचा रस्ता शेवटचे सहा किलोमीटर खडीचा आहे.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईला मागून पट्ट्याची सँडल घेतली, आणि झोळीचं माप काढून ठेवलंय, माझ्या नणंदेला लागणार आहे.

दुपारी आईला पलंगावर उताणं झोपवून बघितलं. डावा हात उशीवर बांधल्यासारखा ठेवला, उजव्या बाजूला स्टूल, त्यावर पाणी, स्ट्रॉ, फोन, रुमाल. दहा मिनिटांनी तिने विचारलं, किती वाजले गं? फोन हातात होता, चष्मा खिडकीत. आता उशीला चष्म्यासाठी कापडी खिसा शिवते आहे, उजव्या अंगाला.