रियाजाला पुन्हा बसायचे आहे, पण बसवत नाही

लष्करवासी (ग्वाल्हेर) यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि बँकेत नोकरी करते. लग्नापूर्वी माधव संगीत महाविद्यालयात ख्यालगायन शिकले. पुढे नोकरी, मुले आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांत रियाज सुटला. आता मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली आहे, पहाटेचा वेळ मोकळा आहे, मोबाईलमध्ये तंबोऱ्याचे अॅप आहे, तरीही बसणे होत नाही. बसलेच तर थोड्याच वेळात चिडून उठते. डिसेंबरात तानसेन समारोहाला जाऊन आले की चार दिवस उत्साह टिकतो, मग पुन्हा तेच. नातेवाईक म्हणतात, ‘सकारात्मक राहा, तुझा गळा अजून पूर्वीसारखाच आहे.’ मला ते खरे वाटत नाही आणि त्यामुळे त्यांच्या कौतुकाने उभारीही येत नाही. अशा वेळी प्रेरणा आणावी तरी कुठून?

तिलवाडा (ग्वाल्हेर) यांचे उत्तर:

ताई, नातेवाइकांचे कौतुक आपल्याला खोटे वाटते, ही माझ्या मते चांगली खूण आहे, कारण कान अजून शाबूत असल्याशिवाय असे वाटत नाही. मी अनेक वर्षे गाणे शिकवले. मध्येच रियाज सोडलेले विद्यार्थी परत येतात तेव्हा त्यांना मी आधी एकच गोष्ट विचारतो: आपल्याला गायचे आहे, की गाणारी म्हणून पुन्हा ओळखले जायचे आहे? दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण पहिलीला पहाटेचा एकांत पुरतो आणि दुसरीला श्रोते लागतात. दुसरी इच्छा मनात धरून एकांतात बसले की माणूस चिडतो. ज्या महाविद्यालयात आपण शिकलात ते 1918 साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ज्यांच्या पुढाकारातून उभे राहिले, ते संगीतशास्त्रज्ञ विष्णू नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते आणि त्यांचे नाव मैफलीच्या गवयांत घेतले जात नाही. तरीही शेकडो बंदिशी त्यांच्यामुळे लिखित स्वरूपात टिकल्या. संगीतात बसायच्या जागा अनेक असतात.

दुसरे असे की, एकदा आपले गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. गाताना आपण अर्धे मनातले गाणे ऐकत असतो. ध्वनिमुद्रणात नेमके कळते की यमन रागातला तीव्र मध्यम (चढा ‘म’) उतरतो आहे का, विलंबितात (संथ लयीत) समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याच्या घाईने मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आक्रसतो आहे का, की श्वासच अपुरा पडतो आहे. ‘माझा गळा गेला’ या वाक्यावर काही उपाय नाही. ‘मध्यम उतरतो’ यावर आहे.

सूरसागरकाठ (वडोदरा) यांचे उत्तर:

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. 1971 साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली आणि त्यांतल्या एका गटाला सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर तो गट मोकळ्या वेळात कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळला. प्रमाणपत्र किंवा वाहवा यांसाठी गाणे सुरू करताना हे ध्यानात ठेवावे. समारोहानंतरच्या उत्साहाबद्दल मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले एटिंगेन यांचे काम पाहण्यासारखे आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या 1991च्या अभ्यासात, ज्यांना यशाची वास्तविक अपेक्षा होती त्यांचे वजन अधिक उतरले, मात्र ज्या यशाची गोड चित्रे रंगवण्यात रमल्या त्यांचे कमी उतरले. म्हणजे आशावाद वाईट नाही, पण इच्छेच्या शेजारी तिच्या आड येणारी गोष्टही स्पष्ट मांडली, तरच तो कामाला येतो. आड येणारी गोष्ट सापडली की याच क्षेत्रातील पीटर गोलविट्झर यांच्या पद्धतीने ‘अमुक झाले की तमुक करायचे’ असे ठरवून टाकावे: चहाचे भांडे विसळून झाले की तंबोरा सुरू, मग मन असो वा नसो.

राजवाडा (इंदूर) यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही मला एक शंका मांडावीशी वाटते. आपल्या मराठी घरांत आत्मपरीक्षण म्हटले की माणूस स्वतःला झोडपायलाच बसतो. (आमच्या घरी तर परीक्षेत नव्वद गुण आले, तरी उरलेल्या दहांची चौकशी आधी होत असे.) ध्वनिमुद्रण ऐकून फक्त दोषांची नोंद केली, तर तोही पक्षपातच झाला; तेव्हा गंधार (‘ग’) स्थिर लागला असेल, तर तेही त्याच वहीत तितक्याच कोरडेपणाने लिहावे. शिवाय, प्रामाणिकपणे विचार केल्यावर आपल्याला गाण्यापेक्षा ऐकण्यात अधिक आनंद आहे, असे उत्तर मिळाले तर तेही स्वीकारण्याची तयारी असावी. त्यात काहीही कमीपणा नाही.

लष्करवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यमनची एक बंदिश ध्वनिमुद्रित करून ऐकली. गंधार खरोखरच चांगला लागला होता, हे आधी लिहिते. तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) जाताना मात्र आवाज ताणला जातो, आणि माझी चिडचिड नेमकी तिथेच सुरू होते, हे प्रथमच लक्षात आले. मी कॉलेजात काळी पाचमध्ये (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गात होते आणि आजही हट्टाने तीच पट्टी लावते. श्रोत्यांची ओढ अजून पूर्ण गेलेली नाही, हेही कबूल करते. पण गायचे आहे, एवढे नक्की. पट्टी उतरवणे म्हणजे माघार घेणे तर नव्हे ना, एवढेच विचारायचे आहे.

तिलवाडा:

मुळीच नव्हे. वयाबरोबर स्त्रियांचा आवाज सामान्यतः थोडा खाली येतो, आणि तो आला तिथे पट्टीही आणावी. काळी चार लावून पाहा. तरीही ताण जाणवला, तर आणखी अर्धा स्वर उतरा. आपल्याकडे थंडी कडक असते, म्हणून पहाटे बसल्याबरोबर तान घेऊ नये. मध्य षड्जावर स्थिर होऊन हळूहळू मंद्र पंचमापर्यंत (खालच्या ‘प’पर्यंत) उतरावे, त्याखाली सध्या जबरदस्ती नको. तार सप्तकाला पहिला महिना हात लावू नका. महिन्याने त्याच बंदिशीचे ध्वनिमुद्रण पुन्हा करा आणि काय ऐकू आले ते इथे अवश्य लिहा.